फाटकावरची मोजणी

गाडी गेली तसा फाटकवाल्याने झेंडा गुंडाळून काखेत मारला, हँडल फिरवून फाटक वर केलं आणि झाडाखालच्या माणसाकडे तिरप्या नजरेने पाहिलं. तो सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता. वाहन गेलं की हातातलं यंत्र टिक करायचा आणि थर्मासमधून स्वतःचाच चहा प्यायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत, पुढे केलेला चहा नाकारणारा साहेब फाटकवाल्याने पाहिला नव्हता. संशयाला आणखी काय लागतं?

"रेल्वे नवी करतायत म्हणे," बायको खोलीच्या दारातून कुजबुजली. "वर्दळ नाही ती फाटकं बंद. पलीकडच्या फाटकवाल्याला गोदामात धाडलं, खोली आठ दिवसांत रिकामी करायला लावली."

फाटकवाल्याने रस्ता न्याहाळला. दोन सायकली आणि एक टेम्पो.

"तुझ्या भावाला फोन लाव. म्हणावं, ट्रॅक्टर घेऊन ये."

मेहुणा आयुष्यात पहिल्यांदाच मन लावून कामाला लागला. ट्रॅक्टर गेला, आला. ट्रॉली लावून गेला, ट्रॉली सोडून आला. दुपारनंतर त्याने टोपीही बदलली. दुसऱ्या दिवशी त्याने चार मित्र आपापल्या ट्रॅक्टरसकट आणले. यंत्राच्या दर टिक-आवाजासरशी फाटकवाल्याच्या जिवात जीव येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माणसाने खुर्ची मिटली आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला.

"घ्या काका. वर्दळ दांडगी आहे हो तुमच्याकडे."

फाटकवाल्याने चहा आधी हुंगला. "मग फाटक राहतंय ना?"

"फाटक कसलं? एवढ्या वर्दळीला नव्या नियमात उड्डाणपूल. फाटक निघणार."

"आणि वर्दळ कमी असती तर?"

"अगदीच कमी असेल तर बंद. मधल्यांना कोणी हात लावत नाही. पहिल्या दिवशी सकाळी मला वाटलं होतं, तुमचं मधल्यातच बसतंय."

फाटकवाला झाकणातल्या चहाकडे पाहत राहिला.

"एकच ट्रॅक्टर सदतीसदा गेला," तो माणूस यंत्र खिशात टाकत म्हणाला. "पण कोण कशाला जातंय, ते विचारणं माझ्या कामात नाही."

रस्त्यावर धुरळा उठला. अडतिसाव्या फेरीला निघालेल्या मेहुण्याने लांबूनच हात केला.

फाटकवाल्याने झाकण परत दिलं, हँडल धरलं आणि फाटक हळूहळू खाली घेतलं.

गाडीला अजून पाऊण तास होता.