खेचर लंगडतं ती जागा

क्लेल बर्चम गेला तेव्हा सगळ्या बकहॉर्न गावाला मनापासून वाईट वाटलं. मग अंत्यविधीनंतरच्या जेवणात, घेवड्याचं पातेलं दुसऱ्यांदा फिरत असताना, सगळ्यांच्या मनात एकाच वेळी एकच प्रश्न आला: आता शनिवारी बँजो कोण वाजवणार?

विचारला कोणीच नाही. मेलेल्या माणसाच्या खुर्चीबद्दल त्याच्या बायकोनं केलेला केक खाताना बोलू नये, एवढी सभ्यता आमच्या डोंगरात अजून आहे. केक संपल्यावर मात्र बोलायला हरकत नसते.

क्लेलची बायको झेल्मा फिडल वाजवते. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण शाळा अर्धवट सोडलेलं. लग्न झाल्यापासून दर शनिवारी जुन्या शाळेच्या हॉलमध्ये ती आणि क्लेल समोरासमोर बसायचे आणि गाव नाचायचं. घरी त्या दोघांचं कशावरूनही वाजायचं, पण हॉलमध्ये एकदाही ताल चुकला नाही. आता ती एकटी उरली होती. एकट्या फिडलवर माणूस मान हलवतो. पाय उचलायला बँजो लागतो.

हॉलची किल्ली क्लेलच्या थोरल्या भावाकडे, होबर्टकडे. होबर्ट ऐंशीच्या पुढचा. वाजवता त्याला काहीच येत नाही, त्यामुळे कसं वाजवावं याबद्दल त्याचं मत फार पक्कं आहे. त्यानं जाहीर केलं की, शेतातला तंबाखू कापून होईपर्यंत झेल्माला धड बँजोवाला मिळाला नाही, तर हॉल तालुक्याच्या पोरांना देणार. ही पोरं बोटांना पत्र्याच्या टोप्या घालून तीन बोटांनी बँजो छेडतात, आणि इतक्या जोरात, की जणू चाल कुणाची तरी उसनी आणली आहे आणि अंधार पडायच्या आत परत करायची आहे.

झेल्मा मला म्हणाली, "एक हिवाळा जरी हात थांबला ना, तरी या वयात बोटं परत येत नाहीत. क्लेल गेला ते गेला. आता बोटंही गेली तर मी करू काय, स्वेटर विणू?" स्वेटर हा शब्द तिनं असा उच्चारला, की मी माझ्या अंगातल्या स्वेटरची बटणं लावून घेतली.

आता होबर्टचा 'धड' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडचा जुना बँजो ठोकून वाजवतात. बोट वर ओढायचं नाही. नखाची पाठ तारेवर खाली आपटायची आणि अंगठ्यानं वरची आखूड तार टणकन वाजवायची. एवढं इथे बरेच जण करतात. पण बर्चम घराण्याची एक खास चाल आहे, 'लंगडं खेचर'. तिच्या दुसऱ्या भागात एका ठिकाणी एक ठोका जास्तीचा आहे. तिथे बँजो थांबतो, फिडल थांबतं, आणि सगळा हॉल एक पाय हवेत धरून उभा राहतो; मग पुन्हा सुरू. बाहेरचा माणूस तिथे हमखास शेजारणीच्या पायावर पडतो. आमच्याकडची दोन लग्नं त्यातून जुळली आहेत.

होबर्टचे आजोबा ही चाल वाजवायचे. त्या एका थांब्यात त्यांनी डोंगराचा सगळा एकांत ओतला आहे, असं होबर्ट सांगतो. हे सांगताना तो स्वतःही त्या जागी थांबतो.

झेल्मानं लॉन्झो टेटला विचारलं. लॉन्झो खोऱ्याच्या खालच्या टोकाला, काळ्या लोकांच्या चर्चपलीकडे, बहिणीबरोबर राहतो. जन्म फर्निचरच्या कारखान्यात गेला, पण हात असा, की ऐकणाऱ्याला आपले गुडघे नवे झाल्यासारखे वाटतात. टेटांच्या घरात बँजो इतक्या पिढ्या आहे, की पहिल्याला भोपळ्याचं पोट होतं. क्लेल जिवंत असताना लॉन्झोनं या हॉलमध्ये वाजवलं नव्हतं. खुर्ची एकच, आणि तिच्यात क्लेल होता. हे एक कारण झालं. दुसरं कारण आमच्याकडे मोठ्यानं सांगत नाहीत, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत आहे.

परीक्षेचा शनिवार उजाडला. लॉन्झो बसला. त्यानं खुंट्या पिळल्या, झेल्मानं गज उचलला. पहिल्या चालीला म्हाताऱ्यांनी काठ्या भिंतीला टेकवल्या. दुसऱ्या चालीला पोस्टमास्तरीणबाई हसताना दिसली, हे मी स्वतः पाहिलं. मग होबर्टनं फर्मावलं, "खेचर."

खेचर निघालं. दुसरा भाग आला. ती जागा आली. सगळ्या हॉलनं पाय वर उचलला.

लॉन्झो थांबलाच नाही. सरळ पुढे गेला.

पुढचं दृश्य वर्णन करण्यासारखं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो: नाचणारे आडवे झाले आणि त्यांच्यावर मागचे नाचणारे आले. कोणाला लागलं नाही, होबर्ट सोडून. त्याला मनाला लागलं. "हा माणूस बर्चमांचं खेचर वाजवत नाही," तो म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी झेल्मा मला घेऊन टेटांकडे गेली. लॉन्झोची बहीण ओडेसा दारातच होती. तिनं आम्हाला मक्याची भाकरी आणि ताक दिलं, आणि झेल्मानं विषय काढताच ती खुर्चीचा हात धरून हसायला लागली.

"लॉन्झ्या, सांग की त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते, आणि मी जरा नीट सांगेन."

लॉन्झोनं सांगितलं. त्याचे पणजोबा इसॉ टेट आणि होबर्टचे आजोबा रेल्वेच्या बोगद्यावर एकत्र खडी फोडायला होते. जेवणाच्या सुट्टीत इसॉ बँजो वाजवायचा आणि बर्चम शेजारी बसून शिकायचा. इसॉच्या गालात कायम तंबाखू असे. चालीच्या दुसऱ्या भागाशी येईपर्यंत तोंड भरून जायचं. मग तो एक ठोका थांबायचा, थुंकायचा आणि पुढे जायचा. बर्चम फार मन लावून शिकला. जे जे दिसलं ते ते सगळं शिकला.

"आमच्या घरी खेचर चारी पायांवर धड आहे," लॉन्झो म्हणाला. "लंगडतं ते फक्त तुमच्याकडे."

ओडेसानं डोळे पुसले. टेटांच्या घरात ही गोष्ट दर नाताळला सांगतात म्हणे. शंभर वर्षांत शिळी झालेली नाही.

झेल्मा हसली नाही. तिनं विचारलं, एक ठोका थांबलं तर काय बिघडतं? लॉन्झोनं तितक्याच मऊपणानं सांगितलं, "झेल्माबाई, तुमच्यासाठी मी काहीही वाजवीन. पण पणजोबांची थुंकी वाजवणार नाही. ही बाई मला घरात जगू देईल का?"

ओडेसा म्हणाली, नाही देणार.

"मग होबर्टला तूच सांग," झेल्मा उठत म्हणाली. "मी सांगितलं तर तो म्हणेल, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय."

होबर्टच्या ओसरीवर त्या संध्याकाळी मी होतोच. शेजाऱ्याचं कर्तव्य म्हणून. लॉन्झो पायरीपाशी डोक्यावरची टोपी न काढता उभा राहिला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. होबर्टचा तंबाखू चघळणारा जबडा हळूहळू थांबला.

"आमच्यात सांगतात," तो म्हणाला, "की आजोबा ही चाल कामावरच्या एका माणसाकडून शिकले."

"त्या माणसाला नाव होतं, होबर्ट. इसॉ टेट."

"ते कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

होबर्ट अंगणाकडे बघत राहिला. डोंगराच्या सगळ्या एकांताचं त्याच्या डोळ्यांदेखत काय झालं होतं, ते मला दिसत होतं. मला वाटलं, आता किल्ली तालुक्याच्या पोरांकडे जाणार. झेल्मालाही तसंच वाटलं असावं. तिनं ओसरीचा खांब घट्ट धरला होता.

मग होबर्ट म्हणाला, "डावीकडे की उजवीकडे?"

"काय?"

"थुंकायचा कुठल्या बाजूला?"

लॉन्झोनं जरा विचार केला. "डावीकडे असणार. उजवीकडे तुमचे आजोबा बसायचे."

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही अर्धंच वाजवत होतो," होबर्ट म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण मन मोडल्याचं नव्हतं. ते काम चुकलेल्या कारागिराचं होतं. "नुसतं थांबायचो. क्लेलसुद्धा. आत काही नाहीच."

जुनं तेच खरं, असं मानणाऱ्या माणसाचं हेच सामर्थ्य आहे. आणखी जुनं काही सापडलं की तो तिथे सरकून बसतो. होबर्टनं निकाल दिला: खेचर यापुढे इसॉ टेट वाजवायचा तसंच वाजेल, पूर्ण. चालीचं नावही इसॉ टेटचं खेचर. लॉन्झोनं कळवलं की तो तंबाखू खात नाही आणि हॉलमध्ये थुंकणारही नाही. होबर्टला हे अपेक्षित होतं. "तू वाजव," तो म्हणाला. "थुंकायला मी आहे."

झेल्मानं खांब सोडला.

अशा रीतीनं होबर्ट बर्चम वयाच्या ऐंशीनंतर वादकांत सामील झाला. शनिवारी तो कॉफीचा रिकामा डबा घेऊन लॉन्झोच्या डाव्या हाताला बसला. त्याच्या वाद्याचं पोट पत्र्याचं होतं, एवढंच. समोरच्या बाकावर ओडेसा, खास ऐकायला आलेली. चाल सुरू होण्याआधी होबर्टनं उभं राहून इसॉ टेटचं नाव पूर्ण घेतलं, मोठ्यानं, दोनदा, कारण पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही.

मग खेचर निघालं. ती जागा आली. पाय वर गेले. लॉन्झोचा हात हवेत, झेल्माचा गज हवेत.

होबर्टला ताल नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं.

तो तोंड गोळा करत होता. एक ठोका गेला. दुसराही गेला. पोस्टमास्तरीणबाई एका पायावर झुलू लागली. तेव्हा कुठे डब्यात टण्णकन आवाज झाला, आणि सगळा हॉल एकदम जमिनीवर उतरला. असा उतरला की खिडकीच्या काचा वाजल्या. लॉन्झोच्या खांद्याला खांदा लावून झेल्माचं फिडल सुटलं ते लगाम तोडून पळालं. ओडेसा हसता हसता नाचायला कधी उठली ते तिलाही कळलं नाही.

हिवाळाभर हे चाललं. झेल्माची बोटं जागेवर आहेत. क्लेल गेल्यानंतरची एक नवी चालही तिनं बसवली आहे, ती मात्र फार हळू आहे आणि तिच्यावर कोणी नाचत नाही, सगळे नुसते ऐकतात.

फेब्रुवारीत एका शनिवारी होबर्ट पडशानं घरी राहिला. डबा आला नाही. लॉन्झोनं खेचर धरलं, दुसरा भाग आला, ती जागा आली, आणि सगळा हॉल एक पाय उचलून थांबला. एक ठोका गेला. दुसरा गेला. लॉन्झोचा हात वरच होता.

"लॉन्झ्या," समोरच्या बाकावरून ओडेसा म्हणाली, "कोणाची वाट बघतोयस?"

लॉन्झोनं झेल्माकडे पाहिलं. झेल्मा गज उचलून हॉलमधल्या सगळ्या हवेतल्या पायांकडे बघत होती, अगदी मजेत, घाई नसल्यासारखी.

"मला बघू दे की जरा," ती म्हणाली, आणि मग गज खाली आला.