मालाकी टलीची वेगळी चूल

आयर्लंडमधल्या ड्रमकोरी गावातून डब्लिनच्या पार्लमेंटात दोन सभासद जात. त्यांनी गाव पाहिलं नव्हतं, गावानं त्यांना पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती. मताचा नियम एकच: ज्याच्या स्वतःच्या चुलीवर स्वतःचं भांडं सलग सहा महिने उकळलं, तो मतदार.

मालाकी टलीनं अठ्ठावन्न वर्षांत एकदाही मत दिलं नव्हतं. त्याच्यासारख्या कॅथलिकांना मताचा हक्क मिळाला त्याच वर्षी त्याची बायको वारली, आणि तो समोर विधवा बहिणीकडे, ओनोराकडे, जेवू लागला. त्याच्या भांड्यात आता कोंबडी अंडी उबवत बसली होती.

दोघांतला एक सभासद वारला आणि त्या जागेसाठी निवडणूक लागली. मरण्याआधी एकदा तरी मत द्यायचंच, असं मालाकीनं ठरवलं. मतदारांची यादी करणारे वायब्रंट्स साहेब चुली तपासायला निघाले, तसं त्यानं ओनोराचं भांडं बटाट्यांसकट उचलून आणलं.

साहेबांनी भांड्याची काजळी पाहिली. मान डोलावली.

"शिजायला किती वेळ लागतो रे?"

"जेवायची हाक येईपर्यंत, साहेब."

"कुणाची हाक?"

तेवढ्यात समोरून आवाज आला, "मालाकी, माझं भांडं आण."

साहेबांनी यादीतलं नाव खोडलं.

मालाकीनं पुढच्या निवडणुकीसाठी खरीच चूल मांडायचं ठरवलं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे थांबला. ताबा कोंबडीचा होता.

"म्हणजे वेगळी चूल मांडलीस," ओनोरा म्हणाली. "माझ्या हातचं गोड लागेना."

"तसं नाही गं. राजकारण आहे."

पहिले दोन महिने बटाटे कच्चे राहिले, पुढचे दोन करपले. सहा महिने भरले त्या दिवशी तो वाफाळतं भांडं घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिला.

"उशीर झाला," साहेब म्हणाले. "पार्लमेंटानं मतदान करून स्वतःलाच बंद केलं, आता कारभार लंडनहून. जानेवारीपासून ड्रमकोरीला सभासद नाही."

"आणि आपले दोघे?"

"बंद करण्याच्याच बाजूनं."

मालाकीनं विचार केला. "त्यांचं भांडं उकळत होतं का हो सहा महिने?"

साहेबांनी एक बटाटा उचलून खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाले, आणि दार लावलं.

मालाकीनं भांडं ओनोराच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिनं अर्धा बटाटा खाल्ला आणि बराच वेळ चावला.

"मालाकी," ती म्हणाली, "कोंबडीला तिचं भांडं परत दे. उद्या इकडे जेवायला ये."