तांब्याचं रफू

लिंडसे ट्रेलोअरची गाडी बारा महिने उन्हापावसात उभी असायची, कारण गॅरेजात तिला जागाच नव्हती. तिथे फळ्याफळ्यांवर जुने संगणक नांदत होते. कॅसेटवरून चालणारे, टीव्हीला जोडायचे, शाळांनी टाकून दिलेले, कुणाच्या माळ्यावरून उतरलेले. टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या या एकट्या माणसाला निवृत्तीनंतर एकच नाद लागला होता. मेलेला डबा उघडायचा, त्याचं दुखणं शोधायचं आणि पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटवायची. ऑस्ट्रेलियातल्या त्या साऱ्या जिलाँग शहरात कुणाचं जुनं यंत्र बंद पडलं की लोक त्याचं नाव सांगत.

पण दोन वर्षं झाली, त्यानं एकही यंत्र उघडलं नव्हतं. हात थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, घराण्यातून आलेलं कापरं आहे, सवय करून घ्या. चहाची सवय झाली, सहीचीही झाली. सोल्डरिंगचं मात्र जमेना. तापलेल्या टोकानं मोहरीएवढ्या जागेवर कथलाचा डाग द्यायचा, तर हात भलतीकडेच पळायचा. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. क्लबातल्या मित्रांना म्हणाला, दुरुस्तीचा कंटाळा आला, आता नुसता जमवतो. आणि चारचौघांत हात खिशात घालून उभं राहायला शिकला.

क्लब म्हणजे महिन्यातून एका शनिवारी स्काउटांच्या हॉलमध्ये जमणारी जुन्या संगणकांची वेडी मंडळी. एका शनिवारी तिथे चाकांची बाजारपिशवी ओढत एक ठेंगणी बाई आली. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला, बंद पडलेला संगणक. नाव सांगितलं नेवेंका राडिच, राहायला बेल पार्कात. म्हणाली, याच्यावर माझं विणायचं मशीन चालतं. नक्षी हा सांगतो, मशीन विणतं. इस्पितळात दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं असतात, त्यांच्या टोप्या. ही जोडणी तिच्या दिरानं करून दिली होती आणि दीर कधीच क्रोएशियाला परत गेला होता. नव्या संगणकांना त्या मशीनची भाषा कळत नव्हती.

बेसिल ग्रिग हा क्लबातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. त्यानं तिथल्या तिथे निकाल लावला. "लिंडसेकडे द्या, बाई. हा मनात आणील तर टोस्टरलाही बोलतं करील." सगळे हसले. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? लिंडसेनं पिशवी घेतली.

घरी येऊन त्यानं झाकण काढलं आणि दुखणं लगेच सापडलं. आतली बारकी बॅटरी वर्षानुवर्षं पाझरून सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा खाऊन बसली होती. व्हिनेगरनं बोर्ड धुऊन काढण्यापर्यंत सगळं ठीक झालं. तुटलेल्या वाटांवर केसासारख्या तारा जोडायला बसला आणि हात भलतीकडे उडाला. एक धडधाकट वाटही भाजून निघाली. त्यानं सोल्डरिंगचं आयर्न बंद केलं, बोर्डावर टॉवेल टाकला आणि बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. कुठे जायचं नव्हतं. नुसता बसला.

त्या आठवड्यात नेवेंका चौकशीला आली, हातात घरी भाजलेला खसखशीचा गोड रोल. लिंडसेनं तिला आत घेतलं, चहा केला आणि सांगून टाकलं की मशीन दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय. हे सांगताना त्यानं रोलची बशी तिच्यापुढे केली. बशीवरचा चमचा किणकिणत राहिला.

ती चमच्याकडे बघत म्हणाली, "दुरुस्त होत नाही, की तुमच्यानं होत नाही?"

लिंडसेला राग आला. मग राग ओसरला, आणि दोन वर्षं जे मित्रांना सांगितलं नाही ते त्यानं या परक्या बाईला सांगितलं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "दाखवा बघू."

गॅरेजात दिव्याखाली तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि बोर्ड बराच वेळ न्याहाळला. विचारलं, ही वाट इथून कुठे जायला हवी? आणि ही? लिंडसे सांगत गेला.

"मी लोकरीच्या मिलमध्ये रफू करायचे," ती म्हणाली. "कापड मागावरून उतरलं की तुटलेला धागा शोधायचा आणि सुईनं असा जोडायचा की तपासनिसाच्या बापाला दिसू नये. धागा काळा, कापड काळं, तरी जोडायचे. तुमची ही हिरवी पाटी त्यापुढे सोपी दिसते. शिकवा मला."

"आयर्न तापलेलं असतं, पोळेल."

"मास्तर, मी तीन मुलं वाढवलीयत. पोळण्याचं मला नका सांगू."

तेव्हापासून ती त्याला मास्तरच म्हणायला लागली.

शिकवणं सोपं गेलं नाही. भंगारातल्या बोर्डावर तिनं पहिल्या दिवशी दिलेले डाग म्हणजे नुसती ढेकळं होती. लिंडसे सांगायचा, आधी जागा तापवायची, मग कथील लावायचं. ती नेमकं उलटं करायची आणि वर त्यालाच म्हणायची, तुम्ही फार बोलता. एकदा त्याचाही तोल सुटला. तो म्हणाला, मेंढीसुद्धा एव्हाना शिकली असती. ती तडक उठून गेली, आणि पुढच्या खेपेला येताना रोलऐवजी गवताची पेंडी घेऊन आली. दोघंही इतकी हसली की त्या दिवशी काम झालंच नाही.

पण बोटं शेवटी रफूवालीची होती. एकदा मर्म हाती लागल्यावर तिचे डाग दवाच्या थेंबांसारखे पडायला लागले. मग तिनं आपला स्वतःचा बोर्ड घेतला. लिंडसेनं नकाशा उलगडून प्रत्येक वाटेचा उगम आणि शेवट सांगायचा आणि तिनं ओठ आवळून तार बसवायची. सगळं जोडून बटण दाबलं तर पडदा काळाच. नेवेंकाचा चेहरा पडला. लिंडसेचा मात्र खुलला, कारण आता जे उरलं होतं ते हाताचं काम नव्हतं, डोक्याचं होतं. मीटरनं एकेक वाट मोजत तो एका चिपच्या पायापाशी येऊन थांबला. डाग वरून चकचकीत होता, आतून धरला नव्हता. तिनं तो पुन्हा दिला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि नेवेंकानं स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत छातीवर क्रूसाची खूण केली.

एवढ्यावर लिंडसे थांबला नाही. फ्लॉपीचा खडखडणारा डबा आज ना उद्या दगा देणार, म्हणून त्यानं तो काढायला लावला आणि त्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड बसवून घेतलं. तिच्या साऱ्या नक्ष्या त्यात मावल्या. मग त्याच्या फळीवरचं एक यंत्र टेबलावर आलं, मग दुसरं. बेल पार्काची ती बाजारपिशवी गॅरेजाच्या दाराशी रोजच दिसू लागली.

हिवाळा लागता लागता ती दोघं संगणक आणि विणायचं मशीन घेऊन हॉलमध्ये गेली. पडद्यावर नक्षी, शेजारी टोपी ओळीओळीनं उतरतेय, असं सगळ्यांना दाखवलं. बेसिलनं बोर्डावर वाकून तारा पाहिल्या आणि लिंडसेच्या पाठीवर थाप मारली. "कंटाळा गेला म्हणायचा! काय हात आहे गड्या तुझा."

हसून सोडून देता आलं असतं. नेवेंका काही बोलणार नव्हती. ती टोपीचा धागा तोडण्यात गुंतल्यासारखी मान खाली घालून उभी होती.

लिंडसेनं खिशातून दोन्ही हात काढले आणि सगळ्यांसमोर धरले. ते थरथरत होते. "हे माझे हात," तो म्हणाला. "हे काम नेवेंकाचं आहे. मी नुसता शेजारी बसून कटकट केली."

बेसिलनं आधी त्या हातांकडे आणि मग लिंडसेकडे पाहिलं. तो म्हणाला, "आणि आम्ही दोन वर्षं समजत होतो, तू आमच्यावर रुसलायस. हात पुढे केला तरी तू हात देत नव्हतास रे." मग त्यानं ते थरथरते हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

घरी जाताना गाडी नेवेंकानंच चालवली. वाटेत बंदरावर वारा सुटला होता. लिंडसेला तिचे आभार मानायचे होते. कसाबसा म्हणाला, "फार उपकार झाले तुझे."

"उपकार कसले, मास्तर?" ती म्हणाली. "मिल बंद पडली तेव्हा मालक गेट लावून मोकळे झाले. या बोटांचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही काम दिलंत."

लिंडसे खिडकीबाहेर बघत राहिला. देवळात जाणारा तो माणूस नव्हता, पण त्या वेळी आभार मानायला कुणीतरी वर असतं तर बरं झालं असतं असं त्याला मनापासून वाटलं. एकट्या नेवेंकाचे आभार मानून फिटण्यासारखं ते देणं नव्हतं.