तीन खुर्च्यांचं पाणी

नेपरव्हिलच्या कम्युनिटी सेंटरच्या मागच्या दोन खोल्यांत दर शनिवारी मुलांचा दातांचा दवाखाना भरे. ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही, अशांसाठी. खुर्च्या तीन, त्याही निवृत्त झालेल्या डेंटिस्टांनी जाताजाता देऊन टाकलेल्या. डॉक्टर मात्र एकच, मालिनी. तीही खरं तर निवृत्तच, वय सदुसष्ट. पण घरी बसणं तिला जमलं नव्हतं, आणि तिने बसावं असं तिच्या छोट्या पेशंटनाही वाटत नव्हतं.

त्या शनिवारी दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचा अध्यक्ष प्रसाद दारातूनच म्हणाला, "काकू, एकोणीसशे."

मालिनीने त्याच्या हातातला रिपोर्ट घेतला. चष्मा वर करून वाचला, खाली करून पुन्हा वाचला.

दातांच्या खुर्चीला पाणी येतं ते काडीएवढ्या बारीक नळीतून. आठवडाभर पाणी आत तुंबून राहिलं की नळीला आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जिवाणू सुखाने नांदतात. मिलिलिटरमागे पाचशेच्या आत असले तर चालतं. मार्चमध्ये इथे सहाशेवीस निघाले, म्हणून फिल्टर बसवले. युनिव्हर्सिटीत रिसर्च करणाऱ्या चैत्रालीने भाजलेल्या मातीच्या, चांदीचा पातळ थर दिलेल्या चकत्या बनवल्या होत्या. त्या बसवायच्या स्टीलच्या डब्या निवृत्त कारागीर रवींद्रने घरच्या लेथवर घडवल्या होत्या. आणि आता, फिल्टर लावून पंधरा दिवस झाल्यावर, आकडा तिप्पट.

"म्हणजे केर काढल्यावर घर जास्त घाण झालं," मालिनी म्हणाली.

"काकू, महिनाअखेरीला ट्रस्टच्या बोर्डाची मीटिंग आहे. त्याआधी एक शेवटची टेस्ट. ती फेल झाली तर दवाखाना बंद." प्रसादने आवाज खाली आणला. "एक सोपा उपाय आहे. सॅम्पल घ्यायच्या दिवशी सकाळी लाइनमधून ब्लीच फ्लश करायचं. नंबर झटकन खाली येतो. सगळेच करतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

प्रसाद मोबाइलकडे पाहू लागला.

"माझ्याकडे येताना मुलं गाडीत बसून दात घासतात. मी 'आ कर' म्हणते आणि मला सगळं दिसतं. चाळीस वर्षं मी त्यांना सांगत आले, की तपासणीच्या दिवशी घासून काही होत नाही. आता तेच मी करू?"

"मग बोर्ड कुलूप लावेल."

"लावू दे. मी आत बसलेली असेन. माझ्यासकट लावा म्हणावं."

ती वळली. खुर्चीत सात वर्षांची उर्वी बसली होती. तिच्या वडिलांची नोकरी गेल्यापासून तिची खालची दाढ किडत चालली होती. पाण्याशिवाय ड्रिल चालवलं तर दात तापतो, आणि हे असलं पाणी मालिनी कुणाच्या तोंडात जाऊ देणार नव्हती. सीलबंद बाटलीतल्या पाण्याने तिने उर्वीला चूळ भरायला लावली.

"आजी, आर यू फिक्सिंग इट टुडे?"

"आज नाही गं राणी. आज माझ्याच खुर्चीला कीड लागलीय."

उर्वी खुदकन हसली. मालिनीला हसू आलं नाही. ही दाढ महिनाभर तग धरेल, त्यापुढे नाही, हे तिला दिसत होतं.

दुपारी ती चैत्रालीला घेऊन रवींद्रच्या गराजमध्ये गेली. रवींद्रने एल्गिनच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली होती, त्याआधी पिंपरीत वीस. गाड्या बाहेर बर्फात उभ्या राहत आणि मशिनं आत उबेत.

"माझ्या डब्या गळत नाहीत," तो आधीच म्हणाला. "चकती मी दोन मायक्रॉनमध्ये सपाट केलीय, डॉक्टरीणबाई. केसाचा चाळिसावा भाग. आरसा ठेवा वर."

"आणि माझं मटेरियल लॅबमध्ये हजारातले नऊशे नव्व्याण्णव बॅक्टेरिया मारतं," चैत्राली म्हणाली. तिचे डोळे सकाळपासून लाल होते. "मी बावीस वेळा टेस्ट केलंय, मावशी!"

"काका चूक नाहीत, तू चूक नाहीस, मग आकडा काय आभाळातून पडला?" मालिनीने एक स्टूल ओढलं. "बसा दोघं. मी मुलांना विचारते तसं विचारणार आहे. दाढ किडली की मी रागावत नाही. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते ओळीने सांग म्हणते. पाण्याचा घोटसुद्धा सोडायचा नाही. आता सांगा, या चकतीच्या तोंडात काय काय गेलं?"

चैत्रालीने बोटं मोजली. "माती. भाताचा बारीक तूस, तो भट्टीत जळतो आणि त्याच्या जागी भोकं राहतात. मग चांदी. मग डिस्टिल्ड पाणी. बस. मग पार्सल करून काकांकडे."

"लॅबमधल्या चकत्याही काकांकडे आल्या होत्या?"

"नाही. त्या जाड होत्या तशाच वापरल्या. इथल्या खुर्चीत जागा कमी, म्हणून काकांनी पातळ केल्या."

"मग रवींद्र, तुझ्याकडे काय खाल्लं तिने?"

"माझ्याकडे काय खाणार? ग्राइंडरच्या टेबलावर बसवली, चाक फिरवलं, कूलंट सोडलं..."

तो थांबला. मशीनखालच्या टाकीत दुधासारखं पांढरं कूलंट होतं, पाण्यात मिसळलेलं तेल. घासताना धातू तापू नये म्हणून वरून सोडतात ते. रवींद्रने खुर्चीतून काढून आणलेली चकती उचलली आणि नाकाशी नेली.

"सोमवारचा वास," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कारखाना रविवारी बंद असतो. टाकीत कूलंट तसंच राहतं आणि त्यातलं तेल खाऊन जिवाणू माजतात. सोमवारी सकाळी शॉपमध्ये पाय टाकला की हा वास. पन्नास वर्षं घेतलाय मी." तो स्टुलावर बसला. "घासल्यावर मी फडक्याने पुसली. चांगली लखलखीत पुसली. लोखंड पुसलं की झालं, लोखंड काही पीत नाही. ही पोरगी सांगत होती भोकं आहेत, भोकं आहेत. मी आपला सपाटी मोजत बसलो."

"आणि तेलाने चांदी झाकली गेली," चैत्राली हळूच म्हणाली. "आपण फिल्टर नाही लावला काका. आपण बॅक्टेरियांना डबा पाठवला."

रवींद्रचा चेहरा पडला. क्षणभर मालिनीला वाटलं, हा आता रुसणार, आणि याच्याशिवाय चकती पातळ करणारं दुसरं कुणी आपल्याला मिळणार नाही.

"कोरडं घासता येईल?" तिने विचारलं.

"तडकेल. शिवाय भुकटीने भोकं बुजतील. नुसत्या शुद्ध पाण्यात घासावं लागेल."

"काका, पण मग तुमचा ग्राइंडर गंजेल." चैत्रालीला माहीत होतं, त्या मशीनवर रवींद्र स्वतःच्या सुनेलाही चहाचा कप ठेवू देत नसे.

रवींद्र उठला आणि त्याने टाकीचं बूच उपसून काढलं. पांढरं कूलंट भसाभस बादलीत पडू लागलं. "गंजू दे! मशीन गंजलं तर मी घासून काढीन. पोरांचा दवाखाना बंद पडला तर काय घासणार? मला डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणून दे. आणि चांदी आता घासल्यावर चढवायची, आधी नाही."

"हे सगळं मी माझ्या रिसर्च पेपरमध्ये लिहिणार, काका. चालेल?"

"लिही. नावासकट लिही. दुसरा कुणी म्हातारा तरी शहाणा होईल."

पुढच्या आठवड्यात तिन्ही खुर्च्यांच्या जुन्या नळ्या कापून फेकल्या, नव्या बसवल्या, नव्या चकत्या घातल्या. सॅम्पलच्या दिवशी ब्लीचची बाटली कपाटातच राहिली. मालिनीने लॅबच्या माणसाला सांगितलं, आधी नळ वाहू देऊ नका, रात्रभर तुंबलेलंच पाणी न्या.

मीटिंगला प्रसाद रिपोर्ट घेऊन आला. पहिली खुर्ची साठ, दुसरी नव्वद, तिसरी पाचशे चाळीस.

"तिसरी ऑलमोस्ट पास आहे," प्रसाद घाईने म्हणाला. "आपण राउंड ऑफ करून..."

"नापास आहे," मालिनी म्हणाली. "का, ते अजून आम्हाला माहीत नाही. शोधू."

एक सभासद म्हणाले, एक नापास म्हणजे धोका. तिन्ही बंद केलेल्या बऱ्या.

मालिनी उभी राहिली. "दोन खुर्च्यांवर एका शनिवारी बारा मुलं होतात. बंद केल्यावर शून्य. हे गणित माझ्या सहा वर्षांच्या पेशंटना येतं. एकोणीसशेचा रिपोर्टही मी आज दवाखान्याच्या दारावर लावलाय, खाली कारण लिहून. तो मी काढणार नाही. ज्या आईबापांना तो वाचून मूल परत न्यायचंय, त्यांनी न्यावं. तुम्ही त्यांच्या वतीने ठरवू नका."

एकेका सभासदाने मान डोलावली. मग प्रसादने पेनचं टोपण उघडलं आणि कागदावर लिहिलं, दोन खुर्च्या चालू.

शनिवारी उर्वी दुसऱ्या खुर्चीत बसली. तिसऱ्या खुर्चीवर मालिनीने स्वतःच्या हाताने लाल पट्टी आडवी चिकटवली होती.

"आजी, व्हाय इज दॅट चेअर टेप्ड?"

"नापास झालीय."

"इज शी सॅड?"

"अजिबात नाही. पुन्हा परीक्षेला बसणार आहे ती."

उर्वीने गालावर बोट ठेवलं. "विल इट हर्ट?"

"थोडं. दुखलं की डावा हात वर कर, मी लगेच थांबेन."

मालिनीने ड्रिलचं टोक बेसिनवर धरून पाणी सोडलं. बारीक, स्वच्छ फवारा उडाला. तिने तो आधी स्वतःच्या तळहातावर घेतला, वास घेतला, आणि मग म्हणाली, "हं. आ कर."