एका मापाची चित्रं

घरातली मोठी माणसं एकेक करून कमी झाली, उरलेल्यांचे केस पिकले, तिच्या स्वतःच्या कपाळावरही पांढरी बट आली, तरी तिला धाकटी म्हणायचं काही कुणी सोडलं नाही. परगावचा भाऊ फोनवर धाकटीच म्हणे, शेजारच्या काकूही धाकटीच म्हणत, आणि वडील तर आपल्या खोलीतून ‘धाकटेऽ’ अशी काही हाक मारत, की ती असेल तिथून हातातलं टाकून धावत येई. आल्यावर कळे, की चष्मा कपाळावर आहे आणि हे तो उशीखाली शोधताहेत. ती चिडे, ते हसत, आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक येई. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. उजवं अंग लुळं झालं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांना ऐकू येत होतं, समजतही होतं, पण काही सांगायला गेलं की तोंडातून नुसता एक लांबट स्वर निघे आणि त्या स्वराची त्यांची त्यांनाच लाज वाटे. डाव्या हाताचं बोट मात्र शाबूत होतं.

त्या बोटावरच आता सगळी भिस्त आहे, असं स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या. बाई बोलायला खमक्या होत्या.

“चित्रांचा तक्ता करा. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा, कुठले तरी परके नकोत. त्यांना त्यांचाच कप दिसला पाहिजे. आणि सगळी चित्रं एका मापाची हवीत बरं का. एखादं मोठं झालं की बोट आपसूक तिकडे जातं, आणि आपल्याला वाटतं यांना तेच हवंय.”

“त्याची काळजी नको,” धाकटी म्हणाली. “माझं कामच ते आहे.”

ते खरंही होतं. घरगुती यंत्रांसोबत खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणीही वाचत नाही, ती लिहिण्याचं काम ती घरी बसून करत असे. लोक वाचत नाहीत, पण चित्रं बघतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जे बटण गिऱ्हाइकाने आधी दाबावं असं कंपनीला वाटतं त्याचं चित्र मोठं, आणि ज्याच्याशी त्याने उगाच खेळू नये ते कोपऱ्यात, बारीक. खोटं कुठेच काही नसतं, सगळी बटणं दाखवलेलीच असतात. गिऱ्हाइकाचं बोट मात्र आपल्याला हवं तिथे जातं.

“आणि तुमचाही फोटो घाला त्यात,” बाई जाता जाता म्हणाल्या. “माणसाला काय वस्तूच लागतात का?”

धाकटीने कपाचा फोटो काढला, पाण्याच्या पेल्याचा काढला, चष्मा, रेडिओ, पांघरूण, उशी, खिडकी, न्हाणीघराचं दार, सगळ्यांचे काढले. स्वतःचा एक जुना फोटो घेतला, भावाने काढलेला, त्यात ती कशाला तरी मनापासून हसत होती. फोनमधून संगणकावर आलेल्या त्या फोटोंचा ज्याचा त्याचा तोरा वेगळा. रेडिओ आडवा, दार उभं, आणि कप तर एवढा अवाढव्य, की त्याने अख्खं पान बळकावून चष्म्याला पुढच्या पानावर ढकलून दिलं. नवख्या माणसाने एकेकाचा कोपरा धरून ओढाओढ केली असती आणि दोन सारखे करता करता तिसरा बिघडवला असता. तिने आधी सगळ्यांच्या कडा सारख्या कापल्या, मग प्रत्येक चित्र मजकुराच्या ओळीतून मोकळं केलं, कारण ओळीत अडकलेली चित्रं एकत्र निवडता येत नाहीत, मग कंट्रोलचं बटण दाबून धरून एकामागून एक सगळ्यांवर टिचकी मारली आणि वरच्या पट्टीत उंची-रुंदीचा आकडा एकदाच टाकला. वर्गात बाई आल्यावर पोरं गप्प बसावीत तशी सगळी चित्रं आपापल्या जागी एका मापाची होऊन बसली. तिने ते पान छापलं, त्याला प्लॅस्टिकचं आवरण चढवलं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी आधी रेडिओवर बोट ठेवलं. तिने रेडिओ लावला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते पाहून तिलाही रडू फुटलं.

पण थोड्याच दिवसांत बोटाला तिचा फोटो सापडला. वडील नखाने प्लॅस्टिकवर टकटक करत, तो आवाज भिंतीपलीकडे तिच्या टेबलापर्यंत पोचे, ती हातातलं वाक्य अर्धवट टाकून येई. पाणी हवंय? नाही. न्हाणीघरात जायचंय? नाही. मग काय हवंय बाबा? बोट पुन्हा तिच्या फोटोवर. त्यांना काहीच नको असे. ती नुसती तिथे हवी असे. ती जरा वेळ बसे, पांघरूण सारखं करी, उठून जाई, आणि खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच टकटक सुरू. काम तुंबत चाललं, कंपनीचे फोन येऊ लागले. एका दुपारी तिचा तोल गेला.

“आहे ना मी घरात! सारखं समोर बसून काय करू, नाचू का?”

वडिलांनी बोट उचलून घेतलं आणि लहान मूल लपवतं तसा हात पांघरुणात लपवला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली, हात बाहेर काढून कुरवाळला, पण तिचं अर्धं लक्ष भिंतीपलीकडच्या अर्धवट वाक्यात होतं, आणि ते त्यांना कळलं असणार असं तिला वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तक्त्यात पंख्याचं चित्र वाढवायचं होतं. तिने फाइल उघडली, सगळी चित्रं निवडली, आणि मग कंट्रोल न सोडता आपल्या फोटोवर पुन्हा एकदा टिचकी मारून त्याला त्या निवडीतून बाहेर काढलं. उरलेल्यांचं माप अगदी जराससं वाढवलं. आपल्या फोटोला आपण हातही लावलेला नाही, असं ती स्वतःला सांगू शकत होती आणि तिने ते सांगितलंही. धंद्यातली युक्ती घरात लागू पडली. टकटक कमी झाली. मग आणखी एखादं चित्र वाढलं, बाकीची आणखी थोडी फुगली, पानावर जागा पुरेना, तेव्हा हसणारी धाकटी कोपऱ्यात सरकत सरकत पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. तोवर टकटक पार थांबली होती. तिची दोन पुस्तिकांची कामं वेळेत गेली. भावाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, “तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत गं,” आणि ती नुसतं हं म्हणाली.

वडिलांचा चष्मा लख्ख पुसलेला तिला दिसला तेव्हा तिने लक्ष दिलं नाही. आपणच पुसला असेल, दिवसभरात माणूस हजार गोष्टी करतो. पण एकदा त्यांना भरवताना त्यांचा डावा हात तिच्या मनगटावर टेकला आणि तिला जाणवलं, की नखं कापलेली आहेत. नीट, गोलाईत, कडा घासून कापलेली. तिने ती कापली नव्हती. कितीतरी दिवस ‘उद्या कापते’ म्हणत होती, आणि तेवढं खात्रीने आठवायला तिला अपराधीपणाच पुरेसा होता. घरात तर दुसरं कुणी येत नव्हतं. मग तिच्या मनात आलं, की नखंच नाहीत तर टकटक ऐकू येणार कुठून. बोट हलायचं थांबलंय असं आपण धरून चाललो होतो. तिचा घास तसाच हातात राहिला.

त्याच सुमारास जिन्यात काकू भेटल्या. हातात बादली, तोंडभर हसू.

“धाकटे, खरं सांगू? तुझं बघून बरं वाटतं बाई. मी दुपारी गॅलरीत कपडे काढायला येते ना, तर खिडकीतून तुम्ही दोघं दिसता. तू आपली वाचतेयस, आणि ते ऐकतायत. इतकं कोण करतं हल्ली?”

दुपारी ती भिंतीपलीकडे दार लावून काम करत असे. ‘मी नव्हते’ हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण मग कोण होतं, हे काकू विचारतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, तू कुठे होतीस, हेही विचारतील.

“करायलाच पाहिजे ना काकू,” ती म्हणाली, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखी खाली मान घालून जिना चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चपला काढल्या आणि अनवाणी जाऊन वडिलांच्या दाराशी उभी राहिली. खोलीत ते एकटेच होते. कोपऱ्यातल्या त्या तिकिटाएवढ्या फोटोवर त्यांचं बोट अलगद टेकलेलं होतं, आणि मान किंचित कलती करून ते ऐकत होते. चेहरा शांत होता. एरवी भिंतीला लावलेली खुर्ची पलंगाला खेटून होती. ती घाबरली, पण ते नंतर. सगळ्यात आधी तिला वाटलं ते हायसं. चला, बसतंय कुणीतरी. हे आपल्याला वाटलं हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

ती तशीच टेबलाशी गेली आणि तिने फाइल उघडली. पहिल्या चित्रावर टिचकी मारली, कंट्रोल दाबून धरला आणि एकेक करत शेवटच्यापर्यंत आली. आपला फोटोही निवडला. या खेपेला कुणालाच वगळलं नाही. आकडा टाकला आणि सगळी चित्रं पुन्हा एका मापाची झाली. इतक्या वेळा आक्रसवलेला फोटो आता फुटेल, पुसट होईल, अशी तिला भीती होती. तसं काही झालं नाही. उलट बाकीच्यांपेक्षा तोच जास्त स्वच्छ छापला गेला. त्यातली बाई कशाला हसत होती ते तिला काही केल्या आठवेना.

ती तक्ता घेऊन वडिलांकडे गेली. खुर्चीवर बसली, आणखी पुढे सरकली, तक्ता त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बाबा, बघा. नवीन केलाय. आधीचा चुकला होता. मीच चुकवला होता. आता दार लावून बसणार नाही. काम गेलं खड्ड्यात. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन.”

वडिलांनी चित्रांवरून सावकाश नजर फिरवली. बोट रेडिओवरून गेलं, कपावरून गेलं आणि तिच्या फोटोवर येऊन थांबलं. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“हो, मीच. आलेय ना. ही काय.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर तिने तो आनंदाने सोसला असता. पाहुण्याने यजमानाच्या नोकराकडे पाहावं तसं ते आदबीने पाहत होते. मग त्यांनी हळूच हात सोडवून घेतला, बोट पुन्हा त्या फोटोवर ठेवलं आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे नजर लावली.

“बाबा, मी धाकटी.”

त्यांनी मान हलवली, समजूत घातल्यासारखी. ही बाई काही तरी केल्याशिवाय इथून हलायची नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण जरा थांबून त्यांनी पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं.

“पाणी? आणते,” ती घाईने म्हणाली. “आत्ता आणते.” निदान एवढं तरी त्यांनी आपल्याकडे मागितलं, याचा तिला केवढा आधार वाटला. स्वयंपाकघरात जाऊन तिने पेला घासला, पुसला, काठोकाठ भरला आणि न सांडता चालत निघाली.

मधल्या बोळात तिला वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज आला. मग कुणीतरी वाचू लागलं. आवाज तिचाच होता, पण कसलीही घाई नसलेला, आणि मध्येच वडील हसले. इतकं मोकळं ते आजारी पडल्यापासून हसले नव्हते. खोलीचं दार उघडंच होतं. आणखी दोन पावलं टाकली असती तर तिला सगळं दिसलं असतं. पण आता आत गेलं तर त्यांचं वाचन मोडेल, असं तिला वाटलं. ती भिंतीला लागून, पेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि आतली बाई वाचता वाचता कुठे थांबते याची वाट पाहू लागली.