प्रयोगशाळेत नसलेला क्षार

“आणि हे?” रसायनशास्त्राच्या शेखर सरांनी कागद मीनामावशींपुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, FeCl₃.

“आयर्न थ्री क्लोराइड. पयले फेरिक म्हणायचे.”

“थ्री कशावरून?”

“क्लोरीन तीन हायेत. एकेकाचा भार उणे एक, तिनाचे उणे तीन. मंग लोखंडाकडं अधिक तीन पायजेत, तवा शून्य व्हतं.”

टेबलाच्या मधल्या खुर्चीत संस्थेचे सचिव निवृत्तीराव बसले होते. ते प्रत्येक उत्तर लिहून घेत होते आणि मावशी मनातल्या मनात हरखत होत्या. एवढा मोठा माणूस आपलं बोलणं उतरवून घेतोय! सकाळी शेखर सर एवढंच म्हणाले होते, “मावशी, अकराला ऑफिसात या. तोंडी परीक्षा आहे.” प्रयोगशाळा सहायकाची जागा चार महिन्यांपासून रिकामी होती आणि मावशींचा अर्ज पडून होता. म्हणून त्या घाईघाईने घरी जाऊन वणीच्या गडावर जाताना नेसायची हिरवी साडी नेसून आल्या होत्या. मला त्या साडीचंच जास्त वाईट वाटतं.

मीनामावशी पेठ तालुक्याकडच्या. नवरा गेल्यावर नाशिकच्या या ज्युनिअर कॉलेजात परिचर म्हणून लागल्या, त्याला तेवीस वर्षं झाली. काम बाटल्या धुण्याचं. आम्ल सांडून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खराब व्हायच्या आणि त्या नव्याने लिहायचं काम शेखर सरांचं होतं. सरांना कंटाळा फार. त्यांनी मावशींना शिकवलं: आधी धातूचं नाव, मग दुसऱ्याचं, त्याचा शेवट बदलायचा, क्लोरीनचं क्लोराइड, लहान आकडे बघायचे, भार जुळवायचा. शिकवलं मन लावून, हे कबूल केलं पाहिजे. मावशी चिठ्ठ्या लिहू लागल्यापासून सर दुपारी निवांत डुलक्या काढू लागले. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून मावशी बाहेरून दहावी झाल्या, विज्ञानात बासष्ट मार्क मिळवून. पेढे फक्त सरांनाच दिले.

निवृत्तीरावांनी पेनाला टोपण लावलं.

“बाई, बारावीच्या प्रॅक्टिकलला कुणाला कुठला क्षार द्यायचा, ती यादी कुठं असते?”

“लोखंडी कपाटात.”

“यादीत नावं असतात?”

“नाय साहेब. नुसती सूत्रं. कुनी चोरून बघितलं तरी पटकन कळू नये म्हनून.”

“चाव्या कुणाकडे?”

“एक सरांकडं, एक माझ्याकडं.”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी एका क्लासला फोन गेला. यादीतल्या बाराही क्षारांची नावं फोनवर सांगितली गेली. क्लासमधल्या एका मुलाने तसं लेखी दिलंय.” निवृत्तीरावांनी कागदावर बोट ठेवलं. “शेखर सर म्हणाले, हे काम सूत्र वाचता येणाऱ्याचंच. मी म्हटलं, परिचर बाईला कुठलं येतंय? तर ते म्हणाले, समोर बसवून बघा.”

मावशींनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत होते. ही परीक्षा कसली होती ते मावशींना तेव्हा कळलं.

“त्यो क्लास सरांच्या मेव्हण्याचा हाय,” त्या म्हणाल्या.

“विषय तुमचा चाललाय, बाई.”

निवृत्तीरावांच्या शेजारी प्राचार्य संध्या मॅडम बसल्या होत्या. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट नसलेल्या माणसांना जेवढं सुचतं, तेवढं त्यांना सुचलं.

“साहेब, तेवीस वर्षं त्याच बाटल्या हाताळल्यात. पाठ झालं असेल. आपल्या लॅबमध्ये नाही असा क्षार विचारू. नाही आलं तर ही नुसती घोकंपट्टी, आणि तिच्यावरचा आरोप टिकत नाही. सगळं इथंच मिटवू.”

“घोकंपट्टीच असणार,” निवृत्तीराव हसले. “पोपटही बोलतोच की.”

मॅडमनी कागदावर लिहिलं, V₂(SO₄)₃. कागद पुढे करताना मावशींच्या डोळ्यांत बघून त्यांनी मान किंचित डावी-उजवीकडे हलवली. सांगू नका.

मावशींना कळलं. “नाय येत” म्हटलं की नोकरी शाबूत. अजून सहा वर्षं बाटल्या, मग पेन्शन. सहायकाची जागा जाईल, पण ती मुळात मिळणार होती कुठे! फक्त एवढं कबूल करायचं, की तेवीस वर्षांत आपल्याला काहीच समजलं नाही. सर मात्र आता खिडकी सोडून त्यांच्याकडे बघत होते. त्या खोलीत मावशींना काय येतं ते ठाऊक असलेला तोच एक माणूस होता.

‘व्ही’ची बाटली कॉलेजात कधीच आली नव्हती. पण भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता दर शनिवारी मावशीच पुसायच्या.

“वॅनेडियम,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी डोळे मिटले.

“सल्फेट तीन. एकाचे उणे दोन, म्हंजी झाले सहा. वॅनेडियम दोन हायेत, मंग एकेकाकडं अधिक तीन. वॅनेडियम थ्री सल्फेट.”

“बरोबर आहे का हो?” निवृत्तीरावांनी सरांना विचारलं.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. तेवीस वर्षांत ते मावशींना असं चारचौघांत पहिल्यांदाच म्हणाले.

निवृत्तीरावांनी कोरा कागद दिला आणि मजकूर सांगितला. मावशींनी चिठ्ठ्यांवर काढायच्या तशा वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मला रासायनिक सूत्र वाचून संयुगाचे नाव सांगता येते. हे मी प्राचार्य व सचिव यांच्यासमोर सिद्ध केले आहे.’ खाली सही केली. मॅडमनी शिक्का मारला. निलंबनाचं पत्र दुपारपर्यंत मिळेल, असं निवृत्तीराव म्हणाले. मावशी उठल्या नाहीत.

“आता काय?”

“साहेब, याची येक झेरॉक्स मिळंल?”

“कशाला? फ्रेम करताय?”

निवृत्तीरावांनी कागद फाइलमध्ये घातला. फाइल बंद होईपर्यंत मावशी टेबलाच्या अलीकडून तो उलटा वाचत होत्या.