अकरा मिनिटांचा प्रोग्राम

डेल्मार स्ट्रँड मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. १९५६ साल. कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यात आम्ही सहा बायका हाताने प्रोग्राम लिहायचो, थेट यंत्राच्या आकड्यांत. आज्ञा एका गरगर फिरणाऱ्या ड्रमवर असायच्या. एक आज्ञा संपताच पुढची नेमकी समोर यावी अशी जागा तिला शोधून द्यायची, नाहीतर यंत्र अख्खा फेरा ताटकळत बसे. त्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि हा शहाणा म्हणे असा प्रोग्राम आणतोय, जो साधं सूत्र वाचून आज्ञा स्वतःच लिहील.

"मग आम्ही काय करायचं, मिस्टर स्ट्रँड? कॉफी?" माझ्या शेजारच्या एनिडने विचारलं.

"जमत असेल तर करा की."

आमचे साहेब हॉगन यांनी झुंजच लावली. पंखाच्या थरथरीचं गणित दोघांनी सोडवायचं. तो जिंकला तर आमचा विभाग बंद.

यंत्रावर माझा प्रोग्राम चार मिनिटांत संपला, त्याचा अकरा मिनिटांत. "तुमचं बाळ चालायला कधी शिकणार?" मी सगळ्यांदेखत विचारलं. त्याचे कान लाल झाले. मला फार बरं वाटलं.

दुपारी इंजिनिअर आले. त्यांनीच दिलेल्या सूत्रात एक पद राहून गेलं होतं.

"किती दिवस, मिस पिकेट?" हॉगननी विचारलं.

मी जागा इतक्या घट्ट बसवल्या होत्या की एक आज्ञा घुसवायची तर नऊशे हलवाव्या लागणार. माझीच हुशारी माझ्या अंगाशी आली.

"तीन आठवडे."

स्ट्रँडने सूत्राचं एक भोकं पाडलेलं कार्ड बदललं, यंत्राला पुन्हा वाचायला दिलं आणि अर्ध्या तासात उत्तरं टेबलावर आणून टाकली.

"बरोबर कशावरून?" मी म्हटलं.

"तपासा. तुमच्याइतकं खवट कोण तपासणार?"

चार दिवस मी आकडेमोडीच्या हातयंत्रावर आकडा न् आकडा पडताळला. एक तरी चूक सापडू दे, म्हणून देवाला विनवलं. सापडली नाही.

"एखादा आकडा तूच चुकव," एनिड कुजबुजली. "माझ्या घरात दोन लेकरं आहेत, लोर्ना."

"त्या विमानात माणसं बसणार आहेत."

उत्तरं बरोबर आहेत असं लिहून मी खाली सही केली, कागद हॉगनना दिला आणि बाहेर येऊन पाचही जणींना सांगितलं, तो जिंकला, आपला विभाग बंद. एनिड त्यानंतर माझ्याशी कधीच बोलली नाही.